चुकतं तेव्हा ती काय करते

हॅनीबाईंचं पत्र आलं तेव्हा मला हॉलंडात, रॉटरडॅमजवळच्या कापेलला, मुलाकडे येऊन दोन आठवडे झाले होते. ज्या रविवारची ही हकीकत आहे, त्या रविवारपर्यंत महिना उलटून गेला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं नाही. रोज सकाळी चहा झाला की मी त्याच कामाला बसत असे. ‘रिस्पेक्टेड मॅडम’ लिहिलं की ते अर्जासारखं दिसे. ‘डिअर मॅडम’ लिहिलं की सलगी केल्यासारखं वाटे. ‘डिअर मिसेस हॅनी’ असं चालतं का, हे पाहायला कोश हवा होता आणि कोश नाशकात होता. एवढ्यात जेवायची वेळ होई.

पत्र इंग्रजीत होतं, निळ्या शाईत, हाताने लिहून टपालाने पाठवलेलं. हॅनीबाई पंच्याहत्तरीच्या. इकडे बांध आणि कालवे सांभाळणारी सरकारी पाणीमंडळं असतात, तशा एका मंडळात त्यांनी आयुष्यभर नोकरभरतीचं काम केलं. आता दर बुधवारी त्या वाचनालयात बसतात आणि परदेशातून आलेल्या शिकल्यासवरल्या माणसांना इथे नोकरी कशी शोधायची ते शिकवतात. एक तास, एक कॉफी, एक बिस्किट. पैसे घेत नाहीत. त्यांच्यासारखे आणखीही काही निवृत्त लोक तिथे असतात, आणि समोर कोणी सीरियाचा दंतवैद्य, कोणी ब्राझीलची हिशेबनीस. हॅनीबाईंच्या टेबलाला आमची सून शलाका होती.

शलाका माती तपासणारी इंजिनीयर. नाशकात असताना मातीच्या धरणांचे नमुने तिच्या हाताखालून जात. सुबोधच्या नोकरीमागे ती इथे आली आणि सहा वर्षांत डच शिकली, मराठी मंडळाच्या गणपतीची वेबसाइट चालवली, मुलगी मोठी केली. मातीला हात लागला तो गॅलरीतल्या कोथिंबिरीच्या कुंडीपुरता.

हॅनीबाईंनी लिहिलं होतं: ‘शलाका हुशार आहे हे मला तिची प्रमाणपत्रं सांगतात. मी तिला दर बुधवारी विचारते, तुझा दोष कोणता. ती म्हणते, मी परफेक्शनिस्ट आहे. तो दंतवैद्यही हेच म्हणतो. हे सगळ्यांना इंटरनेटने शिकवलेलं आहे. म्हणून मी तिला म्हटलं, तुला ओळखणाऱ्या आणि खरं सांगणाऱ्या एका माणसाचं नाव दे. तिने नवऱ्याचं दिलं नाही, तुमचं दिलं. माझ्या माहितीतल्या एका प्रयोगशाळेत बांधांची माती तपासायला माणूस हवा आहे. तीन महिने चाचणी, जमलं तर कायम. तिथला प्रमुख तापट आहे. आधीच्या माणसाने चुकलेला आकडा लपवला आणि बांधाचा एक तुकडा पुन्हा उकरावा लागला. त्यामुळे तो मला एकच गोष्ट विचारतो: तिचं चुकतं तेव्हा ती काय करते? मला याचं उत्तर हवं आहे. अर्धं पान पुरे.’

मला वाटलं, सोपा प्रश्न आहे. मग लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मला उत्तर माहीतच नाही. नाशकात नऊ वर्षं आम्ही एका घरात राहिलो. ती चुकली असणारच. पण आमच्या घरात चूक ही नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असते, आणि ती कोणाची हे ठरेपर्यंत मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेलेला असतो.

त्या रविवारी माझी बहीण शोभा आइंडहोवनहून आली. तिचा मुलगा अंबरीश तिथे चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतो. शोभाही माझ्यासारखीच तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली. नाशकातल्या फ्लॅटवरून आमचं जे झालं त्यानंतर आम्ही दोघं फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलत होतो, पण शलाकाला मोठी नोकरी मिळायची आहे आणि दादाने महिनाभर पत्र अडवून ठेवलंय हे कळल्यावर तिला राहवलं नाही.

गाडीत काय झालं ते मला शोभाने सांगितलं, म्हणजे त्यात अंबरीशची वाक्यंही तिनेच म्हटली.

“आई, तू मध्ये पडू नकोस,” अंबरीश म्हणाला. “मी वहिनीला केव्हापासून सांगतोय, आपल्या ग्रुपवर सीव्ही टाक. चारशे लोक आहेत. रेफरल मिळेल.”

“किती जणांना मिळाला?”

“लोक लाइक करतात.”

“तुझं स्थळही मी तीन वर्षं ग्रुपवर टाकतेय,” शोभा म्हणाली. “लोक लाइक करतात.”

अंबरीशने यावर रेडिओ लावला.

शोभाने तीस वर्षं नाशकात वधूवर सूचक केंद्र चालवलं. लोकांच्या मुलींविषयी तिने जितकी पत्रं लिहिली तितकी मी वाचलीही नसतील. जेवणं झाली तशी तिने हॅनीबाईंचं पत्र मागून घेतलं, चष्मा बदलला आणि लिफाफ्यापासून वाचायला सुरुवात केली.

“अक्षर घोटीव आहे. घरंदाज बाई दिसते.” मग पान उलटून म्हणाली, “दादा, ही तर सरळसरळ चौकशी आहे.”

“कसली चौकशी?” सुबोधने विचारलं.

“स्थळाची. दुसरी कसली असते? मुलगी दाखवून झालेली आहे, शिक्षण पसंत आहे, आता घरच्या वडीलधाऱ्याला पत्र पाठवून स्वभाव विचारतायत. प्रयोगशाळेचा तो प्रमुख म्हणजे मुलाचा बाप. बाई मध्यस्थ. यात एवढं महिनाभर अडण्यासारखं काय होतं?”

“तिचा दोष विचारलाय, आत्या.”

“विचारतातच. सांगायचा नसतो.”

माझी नात ऋजुता सोफ्यावर पाय वर घेऊन फोन बघत होती. ती चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर निघेल त्या भाषेत देते. “बट द्याट्स नॉट द क्वेश्चन,” ती म्हणाली. “शी आस्क्ड, आई चुकते तेव्हा काय करते.”

“बाळा, तू लहान आहेस. लिही रे दादा.” शोभा सांगू लागली आणि मी, लहानपणीच्या सवयीने असेल, लिहू लागलो. “सौभाग्यवती शलाका ही सुस्वभावी, मनमिळाऊ, कष्टाळू आणि मोठ्यांचा मान राखणारी आहे.”

“मनमिळाऊ म्हणजे?” ऋजुताने विचारलं.

“खरं सांगू? बडबडी. शांत लिहिलं की घुमी. गृहकृत्यदक्ष म्हणजे शिक्षण बेताचं. स्पष्टवक्ती हा शब्द मी तीस वर्षांत एकदाही वापरलेला नाही.”

“सो एव्हरीबडी नोज इट्स अ कोड.”

“सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर कोणी फसत नाही.”

“देन व्हाय राइट?”

शोभा म्हणाली, “न लिहिलं तर संशय येतो.”

अंबरीशने लॅपटॉप उघडला. त्याच्या मते हे सगळं जुनं झालं होतं. इथली सिस्टिम वेगळी आहे, इथे एक दोष द्यावा लागतो, पण तो असा हवा की नोकरी देणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. त्याने वाचून दाखवलं, “शलाका कधी कधी कामात इतकी बुडून जाते की तिला घरी जायचं भान राहत नाही.”

“हे म्हणजे परफेक्शनिस्टच,” सुबोध म्हणाला.

“पण शब्द तो नाही.”

मी धीर करून म्हटलं, “आपण त्यांचा प्रश्न एकदा घ्यायचा का? चुकतं तेव्हा ती काय करते?”

स्वयंपाकघरातून तळणाचा आवाज येत होता. शलाका अळूवड्या तळत होती. रॉटरडॅमला सुरिनामहून आलेल्या लोकांच्या दुकानात तिला पानं मिळाली होती आणि शोभाआत्या येणार म्हणून तिने ती शनिवारीच आणून ठेवली होती.

“शी सेज सॉरी,” ऋजुता म्हणाली. “सगळ्यांना. वन्स टू अ बस.”

“ती स्वयंपाकघर आवरते,” सुबोध म्हणाला. “मशीनमध्ये धुतलेली भांडी परत घासते. मी विचारतो काय झालं, तर म्हणते काही नाही.”

“वहिनी चुकतच नाही,” अंबरीश म्हणाला. त्याची नजर स्वयंपाकघराकडे होती.

“चुकते,” शोभा म्हणाली, “पण कोणाला कळू देत नाही. नऊ वर्षं सासरी काढली, एक आवाज बाहेर नाही. हेच तर तिचं कसब. हे लिही दादा, हे फार चांगलं आहे.”

मी लिहिलं नाही. ज्या माणसाने चुकलेला आकडा लपवला आणि बांध उकरायला लावला, त्याचंही कसब हेच होतं, असं माझ्या मनात आलं. पण शोभाला तोंडावर काही सांगायचं म्हणजे मला आधी पाणी प्यावं लागतं. मी पाणी आणायला उठलो, तर सुबोध म्हणाला, “बसा बाबा, मी आणतो,” आणि आत गेला.

आत जे झालं ते मी ऐकलेलं नाही. सुबोधने मला नंतर सांगितलं, आणि स्वतःची बाजू बरी दिसेल असं काही त्याने त्यात घातलं नव्हतं, म्हणून ते खरं धरायला हरकत नाही.

शलाका कढईकडे तोंड करून उभी होती. “संपलं का त्यांचं?” तिने विचारलं.

“आत्याने तुला सुस्वभावीपर्यंत आणलंय.”

ती हसली नाही. “सुबोध, हॅनीचा शुक्रवारी फोन आला होता. येत्या गुरुवारी ती त्या लॅबच्या माणसाला भेटणार आहे. म्हणाली, तुझ्या सासऱ्यांचं पत्र आलं नाही. त्यांना जमणार नसेल तर तसं सांग, मी दंतवैद्यासाठी दुसरीकडे बघतेय तसं तुझ्यासाठीही पुन्हा पहिल्यापासून बघेन, पण ही जागा मग दुसऱ्याला.”

“मग?”

“मी सांगितलं, बाबांनी पत्र टाकलंय.”

“कधी?”

“काल टाकलंय म्हटलं. म्हणजे गुरुवारी.” तिने झारा निथळत धरला. “काय सांगणार? महिनाभर ते रोज कागद घेऊन बसतात आणि उठतात, असं? त्यांना किती वाईट वाटलं असतं.”

सुबोध सांगतो, त्याला पहिल्यांदा हायसंच वाटलं. “अगं, मग बरंच झालं. आज लिहून टाकू. टपाल आहे, एखादा दिवस इकडेतिकडे होतोच. तिला काही कळणार नाही.”

“हो,” शलाका म्हणाली. “कळणार नाही.” आणि तिने एक स्वच्छ ताटली घेऊन ती पुन्हा घासली.

सुबोध पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला आणि त्याने हे सगळं टेबलावर मांडलं. मला वाटलं आता सगळे माझ्याकडे वळतील, आणि ते रास्तही झालं असतं. पण झालं उलटंच. इतका वेळ जे तिघं तीन दिशांना ओढत होते ते एकदम एका बाजूला आले. फ्लॅटच्या भांडणानंतर आमचं कुटुंब इतकं एकमताने काही करायला निघालेलं मी पाहिलं नव्हतं.

“गुरुवारची तारीख घाल,” शोभा म्हणाली. “दादा, नवा कागद घे.”

“शिक्का सोमवारचा पडेल,” सुबोध म्हणाला.

“गुरुवारी रात्री टाकलं, पेटी वेळेवर उघडली नाही,” अंबरीश म्हणाला. “किंवा लिफाफ्यावर पत्ता किंचित चुकवायचा. म्हणजे फिरून आलं असं वाटेल.”

“पत्ता चुकवला तर पोचणार कसं?”

“किंचित म्हटलं मी. घरनंबरात.”

“नको,” शोभा म्हणाली. “शेजारी उघडून वाचतील.”

“इथे कोणी दुसऱ्याचं पत्र उघडत नाही, आई.”

“मग कसला शेजार हा.”

ऋजुताने फोन खाली ठेवला होता. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. “तुम्ही सगळे सीरियस आहात?” तिने विचारलं, संपूर्ण मराठीत, त्यामुळे आम्हाला ते जरा लागलं.

मी नवा कागद घेतला. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण घेतला. वर उजव्या कोपऱ्यात तारीख घालायला सुरुवातही केली. शोभा माझ्या खांद्यावरून बघत होती आणि सांगत होती की महिन्याचं नाव अक्षरांत लिही, जुन्या माणसांचं पत्र वाटतं. तेवढ्यात शलाका अळूवड्यांचं ताट घेऊन आली. तिने ताट माझ्यासमोर ठेवलं आणि कागदावरची तारीख वाचली. त्या कागदाशेजारीच हॅनीबाईंचं पत्र उघडं पडलं होतं.

“घ्या ना,” ती म्हणाली.

सगळ्यांनी एकेक वडी उचलली. मीठ दोनदा पडलेलं होतं. शोभा म्हणाली, “खुसखुशीत झाल्यात.” अंबरीश म्हणाला, “एक नंबर.” सुबोधने माझ्यासाठी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

शलाकाने एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मग तिने कपाटावरचा फोन घेतला.

“कोणाला करतेस?” सुबोध उठला.

“हॅनीला.”

“अगं, रविवार आहे. आणि काय सांगणार आहेस?”

“जे झालं ते.”

“शलाका, बस इथे,” शोभा म्हणाली. “ठरलेलं मोडतं अशाने. आपण होऊन कोणी सांगतं का?”

फोन लागला होता. शलाका गॅलरीत गेली नाही की आतही गेली नाही. टेबलापाशी उभी राहूनच ती डचमध्ये बोलू लागली. शोभाने ऋजुताचा दंड धरला. “काय म्हणतेय? सांग पटकन.”

ऋजुता दबक्या आवाजात सांगू लागली, आणि यावेळी तिने मराठीचाच प्रयत्न केला. “आई म्हणते, रविवारी त्रास देते, सॉरी. मी शुक्रवारी खोटं बोलले.”

“असं? इतकं थेट?”

“डचमध्ये असंच आहे, आजी. दुसरं नाहीये.” ती ऐकत राहिली. “पत्र टाकलं नाही. आजोबांनी लिहिलं नाही. मला लाज वाटली, म्हणून मी टाकलं म्हणाले. आता पण आम्ही जुनी तारीख घालत होतो.”

“हे कशाला सांगायचं?” अंबरीश म्हणाला. “हे तर तिने विचारलंही नव्हतं.”

शलाका उभी होती आणि तिचा मोकळा हात खुर्चीच्या पाठीवर होता. मला त्या हाताकडे पाहवेना, म्हणून मी कागदावरच्या तारखेकडे पाहिलं, तर ती आणखीच वाईट होती.

मग हॅनीबाई बोलल्या. थोडंच बोलल्या. शलाका दोनदा डचमधलं “या,” म्हणजे ‘हो’, म्हणाली आणि फोन ठेवला.

“काय म्हणाल्या?” सुबोधने विचारलं.

“म्हणाल्या, ठीक आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते ठीक नाही.” शलाकाने फोन परत कपाटावर ठेवला. “मला विचार करावा लागेल. सासऱ्यांना म्हणावं, आजची तारीख आणि अर्धं पान. आणि मग विचारलं, तुम्ही सगळे आत्ता काय खाताय, फार कुरकुर आवाज येतोय.”

कोणी हसलं नाही. सुबोध म्हणाला, “सहा वर्षं, शलाका. सहा वर्षांनी एक जागा येत होती.”

“माहीत आहे मला. तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.” ती खुर्चीवर बसली. “पण तुम्ही मला मातीच्या लॅबमध्ये पाठवताय. तिथे माझ्या आकड्यावर बांध उभा राहणार. मागे लोक झोपलेले असणार. हॅनी मला सायकलवरून आयसेल नदीच्या बांधावर घेऊन गेली होती, मी मूठभर माती उचलली, तर ती म्हणाली, हे बघ, या रस्त्यावरची सगळी घरं पाण्याच्या पातळीखाली आहेत. आपणही त्यातच राहतो, आत्या. आणि इथे बसून आपण काय करतोय, तर तारीख बदलतोय.”

अंबरीशने लॅपटॉप मिटला. “वहिनी, तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण प्रॅक्टिकली बघशील तर...”

“अंबरीश,” शोभा म्हणाली, “तू गप्प बस.”

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती तोंडातली वडी अजून चघळत होती.

“वड्या खारट झाल्यात,” ती शलाकाला म्हणाली. “फार खारट. मघाशी सांगायला हवं होतं.” मग माझ्यापुढचा तारखेचा कागद तिने उचलला, त्याच्याखालचा सुस्वभावीचाही उचलला आणि दोन्ही फाडून अंबरीशच्या हातात दिले, टाकून ये म्हणून. “मला तीस वर्षांत असा एक फोन आला असता ना दादा, तर जुळवलेल्यातली निम्मी लग्नं मी जुळवलीच नसती. लिही आता. मी सांगणार नाही.”

“मी काय लिहू?” मी विचारलं.

“प्रश्न वाच आणि लिही,” ऋजुता म्हणाली.

मी आतल्या खोलीत जायला उठलो. शलाका म्हणाली, “इथेच लिहा बाबा.” म्हणून तिथेच बसलो. सगळे माझ्याकडे बघू नयेत एवढ्यासाठी शोभाने टीव्ही लावला, आणि सगळे टीव्हीचा आवाज बंद करून माझ्याकडे बघत बसले. इंग्रजीत लिहिताना मला नेहमी वाटतं की कोणीतरी मागून हसत आहे. त्या दिवशी निदान ते पुढ्यात होते. लिहून झाल्यावर शलाकाने ते वाचून दाखवायला सांगितलं. मराठीत ते असं होईल:

‘डिअर मिसेस हॅनी, उशीर माझा आहे. शलाकाचं चुकतं तेव्हा ती काय करते, हे मला आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं. शुक्रवारी ती तुमच्याशी खोटं बोलली, ते मला वाईट वाटू नये म्हणून. त्यानंतर तिचं कामात लक्ष नव्हतं. आजच्या पदार्थात मीठ दोनदा पडलं. दुपारी घरातल्या मोठ्या माणसांनी ती चूक कशी झाकायची ते ठरवलं, त्यात मीही होतो. तेव्हा तिने आमच्या सगळ्यांसमोर तुम्हाला फोन केला. म्हणून उत्तर असं: आधी ती थोडा वेळ माणसांना सांभाळून घेते, मग खरं सांगते. पहिली सवय तिने सोडायला हवी. तुमच्या प्रयोगशाळेत तिचा सासरा नसेल, त्यामुळे ते तिला जमेल असं मला वाटतं. दामोदर.’

“खोटं बोलली, हे ठेवायचंय?” सुबोधने हळूच विचारलं. तो मला नाही, शलाकाला विचारत होता.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते तरी पुढचं वाक्य तिने हसतच म्हटलं, “पण बाबा, पदार्थात नाही, अळूवडीत लिहा. हॅनीला उगाच वाटेल मला स्वयंपाक येत नाही.”

मी तेवढी दुरुस्ती केली. अर्ध्या पानाच्या खाली दोन ओळी गेल्या, पण त्या सुधारायला गेलो असतो तर पुन्हा महिना गेला असता. सुबोधने लिफाफ्यावर पत्ता घातला, घरनंबरासकट बरोबर, आणि तिकीट त्याच्या ऑफिसच्या पिशवीत निघालं.

जूनमध्ये इथे संध्याकाळ लवकर होत नाही. आम्ही निघालो तेव्हा ऊन रस्त्यावर लख्ख होतं. टपालपेटी कालव्याच्या पलीकडे, दुकानांजवळ आहे, नारिंगी रंगाची. मी, शलाका आणि शोभा एवढेच निघालो होतो, पण पुलापर्यंत जातो तोवर मागून सुबोध आला, आणि ऋजुता सायकल हातात धरून चालत आली. अंबरीश आला नाही. त्याला ग्रुपवर काहीतरी उत्तर द्यायचं होतं.

पेटीपाशी शोभाने माझी बाही ओढली. “दादा, लिफाफा पक्का चिकटलाय का?”

“का?”

“खाली एक ओळ घालायची होती. दर बुधवारी बाईंकडे इतकी शिकलेली माणसं येतात, त्यात आपल्यातली एखादी मुलगी असेल तर अंबरीशसाठी... नुसतं विचारायचं.”

“आत्या,” शलाका म्हणाली.

“स्पष्टच विचारू. तो काय आहे ते सगळं खरं लिहू.”

“मग तर कोणीच येणार नाही,” सुबोध म्हणाला.

शोभाने ते मनावर घेतलं नाही. ती पेटीवरची लहान अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होती. मी लिफाफा फटीशी धरला आणि नेहमीप्रमाणे मला वाटायला लागलं की डिअर मिसेस हॅनी हे चूक असणार.

“आणि समजा,” शोभा मागे वळून शलाकाला म्हणाली, “एवढं करून गुरुवारी तिने काहीच कळवलं नाही तर? मग वाट बघत बसायचं का?”

“नाही,” शलाका म्हणाली. “शुक्रवारी मी फोन करीन. या वेळी खरं काय झालं ते मला ऐकायचं असेल.”

मी पत्र आत सोडलं.